शाफ्टात काय भरलं

पेणहून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड दिसते. वर 'नाथा मोटर गॅरेज' अशी पाटी आहे आणि पाटीखाली बाकड्यावर स्वतः नाथा बसलेला असतो. आता त्याचे हात थरथरतात, त्यामुळे तो पान्याला हात लावत नाही. दिवसभर डब्यातले नट-बोल्ट मापाप्रमाणे निवडतो. संध्याकाळी तो घरी गेला की त्याची मुलगी नमिता ते सगळे पुन्हा एकत्र करून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला काम राहतं. नाथाला हे ठाऊक आहे. तरी रोज सकाळी तो पहिल्यापासून निवडायला बसतो.

गॅरेज नमिता चालवते. तिचा नवरा हरेश डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टला जातो आणि घरी आल्यावर बायकोच्या भानगडीत पडत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढी अक्कल त्याला आलेली आहे. नमिता हाताची चलाख, तोंडाची फटकळ, आणि एकदा मनात धरलं की सोडणार नाही अशी. पेणच्या बाजारात एका बाईने तिला कधीतरी किडके वाल दिले होते. त्या बाईच्या अगदी समोर उभं राहून तिच्या शेजारणीकडून वाल घ्यायचे, हा नेम नमिता आजतागायत पाळते. झालं गेलं सोडून दे, असं तिला पुष्कळांनी सांगून पाहिलं. असा सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं सहसा काही गेलेलं नसतं.

नमिताचं गेलं होतं, आणि ते घालवणारा माणूस तिकडे रोह्यात मजेत होता. त्याचं नाव कमळाकर.

कमळाकर आणि नाथा तरुणपणी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. पुढे दोघांनी मिळून हीच शेड उभी केली. नमिताच्या बारशाला पेढे कमळाकरने वाटले होते. ती त्याला काका म्हणायची. मग कमळाकरने आपल्या गावी, रोह्यात वेगळं गॅरेज काढलं. भांडण नव्हतं, दिवाळीला येणं-जाणं होतं. दोघांचा हात जुन्या परदेशी गाड्यांवर बसलेला, आणि त्यातही स्टिअरिंगचं काम म्हणजे नाथाचंच, हे कमळाकरच चार लोकांत सांगायचा.

त्या गाड्यांच्या स्टिअरिंगचा शाफ्ट अखंड नसतो. एक पोकळ नळी असते आणि तिच्यात सरकणारी एक दांडी. दोन्ही जागच्या जागी राहाव्यात म्हणून मध्ये नायलॉनच्या बारीक खुंट्या ओतलेल्या असतात. गाडी समोरून आदळली की खुंट्या तुटतात, दांडी नळीत शिरते, आणि स्टिअरिंग माणसाच्या छातीत घुसत नाही. खुंट्यांनी मोडायचं असतं, तेच त्यांचं काम. पण त्या एरवी तुटल्या तर पुन्हा ओतायची कटकट कोण करणार? कितीतरी जण सरळ वेल्डिंगचे चार टिपके मारून मोकळे होतात. गाडी झकास चालते. धडक बसली की मात्र तोच शाफ्ट भाल्यासारखा आत येतो. नाथाने जन्मात असा टिपका मारला नाही. दुसऱ्या कुणी मारलेला दिसला तर घासून काढायचा आणि शिव्या घालायचा, आणि त्या शिव्या सगळ्यात जास्त कमळाकरने ऐकलेल्या होत्या.

नमिता आयटीआयला होती त्या वर्षी नागोठण्याच्या एका गिऱ्हाइकाची जुनी गाडी कोलाडच्या अलीकडे डंपरवर आपटली. माणूस जागच्या जागी गेला. स्टिअरिंग छातीत घुसलं होतं म्हणे. त्या गाडीचा शाफ्ट नाथाने केलेला होता. समोरून भरलेला डंपर आल्यावर नायलॉनच्या खुंट्या काय करणार, पण लोकांना कारण लागतं. रोहा स्टेशनबाहेरच्या टपरीवर कुणीतरी कमळाकरला विचारलं, "काय रे, नाथाने आतून वेल्ड मारलं असेल काय?"

कमळाकरने चहावर फुंकर घातली आणि म्हणाला, "आता काय सांगावं."

बस. एवढंच. नाथाने मारलं असं तो बोलला नाही. मारलं नाही असंही बोलला नाही, आणि ते बोलू शकेल असा सगळ्या जिल्ह्यात तो एकटाच माणूस होता. हे शब्द टपरीवरून उठले ते वडखळ करत पेणला आले. तोवर त्या गाडीचे तुकडे भंगारवाल्याने कापून नेले होते; उघडून दाखवायला काही उरलंच नव्हतं. नाथाने मूर्तींच्या कारखान्यातल्या गणपतीवर हात ठेवून शपथ घेतली. लोक व्हय व्हय म्हणाले आणि गाड्या रोह्याला घेऊन गेले. ठेकेदारांच्या जीप गेल्या, टेम्पो गेले. कमळाकरचा कमळाकरशेठ झाला. कुणी टोकलं तर सरळ म्हणायचा, मी कुठे काय बोललो?

याच्याही पुढची गोष्ट नमिता कुणाला सांगत नाही. त्या दिवसांत एकदा जेवताना तिने बापाला विचारलं होतं, "बाबा, तुम्ही नाय ना मारलं वेल्ड?" नाथाचा घास हातातच राहिला. "नाय," एवढंच बोलून तो ताटावरून उठला. कमळाकरचा शब्द असा त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि तो आणला तिने स्वतः. कमळाकरवरचा तिचा निम्मा राग याचा आहे.

तर यंदा लग्नसराईत एका दुपारी गॅरेजपुढे टोइंगची गाडी थांबली. वर पांढरी, लांबलचक, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची इम्पाला. मागून मोटारसायकलवर अहमद आला. ही गाडी अहमदच्या वडिलांनी कुवेतहून आणलेली. ते गेल्यावर ती कमळाकरशेठने घेतली आणि लग्नाच्या वरातींना लावली, पण अहमदचा जीव तिच्यातून सुटला नाही. अजून तोच तिला धुतो-पुसतो.

"शाफ्ट बसला नमिताताई," अहमद मान खाली घालून म्हणाला.

"कुठे आपटली?"

"आपटली नाय. शेठने हातोडा मारला."

स्टिअरिंगचं चाक निघत नव्हतं. ते ओढून काढायचा पुलर कुणीतरी नेलेला. शेठ गिऱ्हाइकांसमोर तावात आला, पोरांना बाजूला केलं आणि शाफ्टच्या तोंडावर हातोडा हाणला. अशा शाफ्टावर हातोडा मारायचा नसतो, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. खुंट्या तुटल्या, दांडी आत गेली, स्टिअरिंग खाली बसून जाम झालं. शेठचा मुलगा निकेश, त्याचं लग्न तोंडावर आलेलं. सून याच गाडीतून आणणार असं सगळ्या रोह्याला सांगून झालेलं. मुंबईवाले म्हणाले शाफ्ट बाहेरून मागवावा लागेल, महिने जातील. वेल्ड मारणारे रांगेत उभे होते, पण वेल्ड मारलेल्या शाफ्टामागे स्वतःच्या मुलाला बसवायला शेठ तयार नव्हता.

नमिता हसली. अशी हसली की पलीकडच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. "म्हणजे शेठला आता ठाऊक हाय वेल्ड काय करतं ते," ती म्हणाली. "ठेव गाडी."

नाथाने नट निवडायचं थांबवून गाडीकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा डब्यात हात घातला.

शाफ्ट काढून नमिताने बाकावर घेतला, अडकलेली दांडी ओढून मूळ मापावर आणली. नळीच्या बारीक भोकांतून जुन्या नायलॉनचा चुरा निघाला. वेल्डिंगचं मशीन हाताच्या अंतरावर होतं. हरेश सुट्टीवर होता, तो दारातून म्हणाला, "मार ना दोन टिपके. कोण बघतंय?"

तिने वेल्डिंगचा होल्डर उचललाही. खोटं कशाला बोलायचं, तिच्या डोळ्यांपुढे कोलाडचं वळण आलं, पांढरी गाडी आली, आणि स्टिअरिंगमागे कमळाकर आला. ते चित्र तिला आवडलं. बराच वेळ आवडलं. मग तिच्या लक्षात आलं, की हा टिपका पडला तर नाथाच्या गॅरेजात शाफ्टाला वेल्ड मारतात हे खरं होईल. कमळाकरमुळे झालेली बापाची बदनामी ती स्वतःच्या हाताने खरी करून देणार होती. तिने होल्डर असा आपटला की हरेश आपणहून घरी गेला.

नायलॉन ओतायची रीत नाथाची स्वतःची. पोरवयात पावसाळ्यात तो पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचे भरायला जायचा, तिथलं शिकलेलं त्याने इथे लावलं. नायलॉनची कांडी पितळी पिचकारीत वितळवायची, एका भोकातून दाबायची, समोरच्या भोकातून माल बाहेर डोकावला की आत पूर्ण भरलं असं समजायचं. नमिताने पिचकारी तापवली आणि शाफ्टाला लावली.

"शाफ्ट गरम कर आधी," बाकड्यावरून नाथा म्हणाला. "गार साच्यात माल तोंडाशीच बसतो."

त्या आठवड्यात त्याने बोललेलं हे पहिलंच लांब वाक्य. नमिताने शाफ्ट गरम केला. माल समोरच्या भोकातून अलगद वर आला, पांढरा, मोत्याएवढा. नाथा उठून जवळ आला, त्याने थरथरतं बोट त्यावर ठेवलं आणि मान हलवली. वर आलेला माल तिने कापून सपाट केला आणि सगळ्या शाफ्टावर काळा रंग मारला. आता आत काय आहे ते बाहेरून कुणालाही कळणार नव्हतं. बघायचंच म्हटलं तर दांडी ठोकून सरकवावी लागणार, म्हणजे खुंट्या मोडाव्या लागणार, आणि मोडल्या तर पुन्हा हिच्याच दारात यावं लागणार. ब्रश धुताना नमिताला हे सुचलं आणि ती पुन्हा हसली, या वेळी हळू.

गाडी न्यायला कमळाकरशेठ स्वतः आला. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. नाथाला त्याने लांबूनच हात जोडले. स्टिअरिंगवर बसून त्याने चाक इकडे-तिकडे फिरवलं. लोण्यासारखं फिरत होतं.

"झकास काम केलंस गो नमे," तो म्हणाला. "काय भरलंस आत?"

"काम केलं, शेठ."

काका सोडून शेठ म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. जुना काढलेला माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही या धंद्यातली रीत. त्याचा हात सवयीने पुढे आला. नमिताने त्यात किल्ली ठेवली, बाकी काही नाही.

"जुना चुरा कुठाय?"

"टाकला असेल कुणीतरी."

"वेल्ड नाय ना मारलंस?"

नमिता हात पुसत होती. सावकाश, एकेक बोट करून पुसले. मग म्हणाली, "आता काय सांगावं."

ते शब्द कमळाकरने ओळखले. पंधरा-सोळा वर्षं ते आपल्या मागे चालत येत आहेत हे त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण त्याने नाथाकडे पाहिलं, आणि नाथा नट निवडत होता. शेठ गाडी घेऊन निघाला तेव्हा सायकलवालेसुद्धा त्याला मागे टाकून जात होते.

लग्नाची हकीकत अहमदने येऊन सांगितली. इम्पाला फुलांनी मढवली होती. निकेश शेरवानी घालून दार उघडायला गेला, तर शेठने किल्ली खिशात घातली. नवरा-नवरी व्याह्यांच्या गाडीतून आली. आता एवढी सजवलेली गाडी ठेवायची कुठे, म्हणून बँडवाल्या पोरांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत ती ढकलत वरातीपुढे नेली, आत कुणीच नाही. व्याही विचारतात, गाडीला काय झालं? शेठ म्हणतो, काय नाय. मग बसत का नाय कोण? शेठ घाम पुसतो. नदीपासून बाजारापर्यंत सगळ्या रोह्याने ती रिकामी गाडी पाहिली.

"सुनबाई?" नमिताने विचारलं.

"रडली."

त्या पोरीचं नमिताला वाईट वाटलं. क्षणभरच. मग तिने अहमदला ती ढकलण्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि चहाबरोबर भजी मागवली.

इम्पालाची भाडी बंद झाली. शेठ ती कुणाला देईना, चालवीना, उघडायला लावीना. शेवटी एका सकाळी तो अहमदला पुढे बसवून, गाडी टोइंगवर टाकून पेणला आला. या वेळी थेट नाथाच्या बाकड्यापुढे उभा राहिला.

"नाथा, माझी चूक झाली," तो म्हणाला. "तू वेल्ड मारत नाय हे मला ठाऊक होतं. मी बोलायला पाहिजे होतं."

नाथाने हातातला नट डब्यात टाकला. दुसरा उचलला.

"इथे नाय, शेठ," नमिता म्हणाली. "इथे आम्हाला ठाऊकच हाय. जिथे बोललात तिथे बोला. स्टेशनबाहेर, टपरीवर, माणसं असतील तेव्हा. मग आत काय भरलंय ते सांगते, तोवर गाडी राहू दे इथे."

तो बोलला. हे मात्र त्याचं मानलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी, भर गर्दीच्या वेळी, टपरीवर उभं राहून त्याने नाथाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. अहमद तिथे होता. पेणला सांगायला आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काय म्हणाली माणसं?"

"हसली. म्हणाली, शेठची गाडी पेणला अडकलीय, म्हणून गोड बोलतोय."

नमिता हातातला पाना तसाच धरून उभी राहिली. एवढी वर्षं तिला वाटत होतं, की ज्या तोंडाने नाव गेलं त्याच तोंडाने परत आणता येईल. परत आणायला काही उरलेलंच नव्हतं. तिला पुन्हा संताप आला, आणि आता तो कुणावर काढायचा हे कळेना.

संध्याकाळी कमळाकर आला. "मी बोललो," तो म्हणाला. "आता तू सांग."

तिने खण उघडला, जुन्या नायलॉनच्या चुऱ्याची पुडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "हा जुना माल. नवीन नायलॉन ओतलंय. शाफ्ट गरम करून, बाबांच्या देखत. वेल्डचा टिपका नाय." ते ती सरळ बोलली, डोळ्यात डोळा घालून.

कमळाकरने पुडी उघडली, चुरा बोटाने उलटापालटा केला. कुठल्याही गाडीचा असू शकला असता. "शपथ?"

तिने बापाच्या डोक्यावर हात ठेवला. "शपथ."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला पटवून घ्यायचं होतं, अगदी मनापासून, हे दिसत होतं. "व्हय, व्हय," तो म्हणाला. किल्ली हातात घेतली, गाडीपर्यंत गेला, दाराला हात लावला. मग खिशातून फोन काढला आणि टोइंगवाल्याला बोलावलं.

पांढरी इम्पाला टोइंगवर चढून, उलट्या तोंडाने, वडखळच्या दिशेने गेली. नमिता रस्त्याच्या कडेला येऊन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मरेपर्यंत हा माणूस त्या गाडीत बसणार नाही, आणि तिने त्याला फसवलेलं नाही. याहून चांगला सूड तिला मागूनही मिळाला नसता. ती हसतच आत आली.

"खरं सांगितलंस त्याला?" नाथाने विचारलं.

"व्हय."

"मग?"

"नाय पटलं त्याला."

नाथाने डब्याचं झाकण लावलं. घरी जायची वेळ झाली होती, पण तो उठला नाही. "आणि तुला गो?" तो म्हणाला. "मी तेव्हा नाय म्हणालो होतो, जेवताना. तुला पटलं होतं काय?"

"पटलं होतं, बाबा," नमिता म्हणाली. लगेच म्हणाली, आणि ते खरं होतं.

नाथा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, व्हय," आणि काठी घेऊन घराकडे निघाला.